ड्रिल मशीन हा छंद, मग मोरीची स्प्रिंग ही जात का?

डोंबिवली पूर्वेतल्या एका सोसायटीतली गोष्ट. रविवारची सकाळ. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी फोटो टाकला. स्वतः प्लाय कापून, स्वतः ड्रिल मारून भिंतीवर बसवलेले पुस्तकांचे शेल्फ. खाली अंगठ्यांचा पाऊस पडला. 'वा काका, कमाल!' 'याला म्हणतात स्वावलंबन!' 'आमच्याकडे कधी येता?' त्याच दिवशी संध्याकाळी तळमजल्यावरचे चेंबर तुंबले आणि घाण पाणी पार्किंगमध्ये आले. या वेळी ग्रुपवर कोणाचे स्वावलंबन जागे झाले नाही. सेक्रेटरींनी आमच्या एका मित्राला वेगळा मेसेज पाठवला : 'तुमच्या ओळखीत कोणी आहे का हो, चेंबर साफ करणारा?'

हा मित्र बँकेत अधिकारी आहे. इमारतीत बावीस बिऱ्हाडे आहेत. एकवीस घरे सोडून हा प्रश्न त्यालाच का विचारला गेला? दारावरच्या पाटीवरचे आडनाव आणि हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो, एवढीच त्याची 'पात्रता'. सेक्रेटरी भला माणूस आहे, असे सगळे सांगतात. असेलही. जात फक्त वाईट माणसांच्या डोक्यात राहते, असे कोणी सांगितले? ती भल्या माणसांच्या सवयीत राहते, म्हणून तर इतकी टिकली.

तरुण मित्रांनो, घरातली दुरुस्ती हा विषय आंबेडकरी लेखनात कुठून आला, असे तुम्हाला वाटेल. आमचे म्हणणे उलट आहे. सभेत, पुस्तकात आणि निवडणुकीत आपण जात शोधतो. पण आपल्याच घराच्या नळात, मोरीत, माळ्यावरच्या अवजारपेटीत ती बसली आहे, तिथे आपण बघत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात हजारो आंबेडकरी कुटुंबे चाळीतून आणि वस्तीतून फ्लॅटमध्ये आली. फ्लॅट आला तशी त्याची गळती आली, ओल आली, तुंबलेली मोरी आली. ही कामे कोण करतो, कोणाला सांगून करून घेतो आणि कोणते काम केल्याचा फोटो टाकता येतो, या तीन प्रश्नांत जातिव्यवस्थेचा सगळा नकाशा आहे.

अवजाराला जात कोणी लावली?

लॉकडाऊनपासून घरच्या घरी दुरुस्ती करण्याची हौस वाढली आहे. ऑनलाइन ड्रिलचा संच येतो, मोबाइलवर व्हिडिओ लागतो, आणि ज्याच्या सात पिढ्यांनी हातोडी धरली नाही तो सुट्टीच्या दिवशी सुतार होतो. आम्ही या हौसेची टिंगल करत नाही. माणसाने हाताने काम करावे, हे चांगलेच आहे. पण या हौसेची एक सीमा आहे. भिंत, लाकूड, रंग, दिवा इथपर्यंत छंद. मोरी, संडास, चेंबर, टाकी इथून पुढे जात. एकाच घरातली दोन्ही कामे, दोन्हींना अवजार लागते, दोन्हींना अक्कल लागते. एकाचे कौतुक होते आणि दुसऱ्यासाठी 'ओळखीतला कोणी' शोधला जातो. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये सांगितले की जात ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. ती रचना पाहायला आता गावगाड्यात जायची गरज नाही. डोंबिवलीतल्या बावीस बिऱ्हाडांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरतो.

गावगाडा आठवायचाच तर अवजारांच्या अंगाने आठवा. सुताराकडे रंधा आणि करवत. लोहाराकडे घण आणि भाता. चांभाराकडे रापी. प्रत्येकाच्या हाताला एक कसब बांधून दिलेले, आणि त्या कसबाला कुंपण घातलेले. महाराच्या हातात काय दिले? घुंगुरकाठी. निरोप पोचवा, मयताची खबर द्या, मेलेले ढोर ओढा, लाकडे फोडा, सरकारी माणसापुढे पळा. म्हणजे काम सगळ्या गावाचे, पण बाजारात विकता येईल असे कसब एकही नाही. गाव सोडून जायची हिंमत होऊ नये, अशी ती व्यवस्था. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करणारे विधेयक मांडले, ते या बिनकसबी वेठीचे दोर कापण्यासाठी.

शहरात आल्यावर दोर सुटले का? मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. पगार तिथे जास्त होता. सबब काय, तर धोट्यातून सूत ओढायला तोंड लावावे लागते, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला स्पृश्य कामगार ओठ कसे लावणार? १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे खाते आमच्या लोकांना खुले करा, अशी मागणी केली. लाल बावटा हाती धरणाऱ्यांनाही ती मागणी अडचणीची वाटली होती. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते भाषण आपण सगळे उद्धृत करतो. पण त्याच भाषणात रेल्वेतला आमचा माणूस आयुष्यभर गँगमन का राहतो, वर्कशॉपमध्ये मेकॅनिक का होत नाही, हा प्रश्नही होता. तो भाग आपण विसरतो. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये आमच्या मुलांना उमेदवारी मागितली. मजूरमंत्री म्हणून त्यांच्या खात्याकडे तंत्रप्रशिक्षणाची मोठी योजना होती.

'शिका' या शब्दात पुस्तक तर होतेच. पाना आणि पक्कड पण होते.

माळ्यावरची पेटी

आपल्या या पट्ट्याचा इतिहासही तोच आहे. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, मोहोनेची एनआरसी, शहाडची सेंच्युरी रेयॉन, ठाण्याची वागळे इस्टेट, कल्याणचे लोको शेड, डोंबिवलीची एमआयडीसी. या ठिकाणी आपल्या आधीच्या पिढीने कसब मिळवले. कोणी फिटर झाला, कोणी टर्नर, कोणी वायरमन, कोणी वेल्डर. ज्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या घुंगुरकाठीशिवाय काही मिळाले नव्हते, त्या हातात व्हर्निअर कॅलिपर आला. ही साधी गोष्ट नव्हती. आपल्या बापजाद्यांनी घडवलेली ती क्रांती होती, फक्त तिच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही.

आणि आपण काय केले? त्यांच्या पगारावर शिकलो, पदवी घेतली, ऑफिसात लागलो, फ्लॅट घेतला. आणि बापाची अवजारपेटी माळ्यावर टाकली. घरी पाहुणे आले की 'बाबा कंपनीत होते' एवढेच सांगतो. 'फिटर होते' हे गिळतो. नळ गळायला लागला की सत्तरीचा तो माणूस म्हणतो, 'थांब, वायसर गेलाय, मी बघतो.' आपण म्हणतो, 'राहू द्या बाबा, अ‍ॅपवरून माणूस येईल.' आपल्याला वाटते आपण त्याला आराम देतो आहोत. खरे तर आपण त्याच्या कसबाची लाज बाळगतो आहोत. ही लाज आपली नाही. हाताने काम करणारा खालचा आणि नुसते बोलणारा वरचा, हे मनूचे गणित आहे. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ते गणित माळ्यावर लपून बसले आहे.

आणखी एक प्रश्न, तो आम्ही स्वतःला विचारला तेव्हा आमचीही मान खाली गेली. आपल्या घरात ड्रिल कोण मारतो? मुलगा किंवा बाप. मोरीची जाळी उचलून केसांचा गुंता कोण काढते? आई, बायको, वहिनी. बाहेरच्या समाजाने जे काम जातीवर ढकलले, ते आपण घरात बाईवर ढकलले. समतेचे भाषण ठोकून आलेल्या कार्यकर्त्याने आधी आपल्या घरच्या नहाणीची जाळी उचलून दाखवावी, मग माईक धरावा.

तीच गोष्ट दारात आलेल्या कारागिराची. प्लंबर घामाघूम होऊन बेसिनखालून बाहेर आला की आपण त्याला पाणी कोणत्या पेल्यात देतो? 'अरे' म्हणतो की 'दादा' म्हणतो? ठरलेल्या पैशांतून शेवटचे पन्नास रुपये कापायला आपली जीभ वळते का? आणि तो आपल्याच समाजाचा निघाला तर 'समाजाचा आहेस, सांभाळून घे' म्हणून फुकट करून घेणारे महाभागही आपल्यात आहेत. समाजाच्या नावावर फुकट काम करून घेणे ही वेठच आहे. वतनाची वेठ मोडायला बाबासाहेब कायदेमंडळात उभे राहिले. आपण ती निळ्या झेंड्याखाली परत आणायची काय?

'आम्ही हेच सोडायला शिकलो ना?'

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. 'आमच्या आईबापाने हाल सोसून आम्हाला शिकवले ते हे घाणीचे आणि मजुरीचे काम सुटावे म्हणून. आता तुम्ही पुन्हा आमच्या हातात पाना आणि मोरीची स्प्रिंग देता?'

उत्तर नीट समजून घ्या. बाबासाहेबांचे भांडण कामाशी नव्हते. जन्माने काम ठरण्याशी होते. गांधीजींनी १९३६ मध्ये 'हरिजन'मध्ये आदर्श भंग्याचे गुणगान करणारा लेख लिहिला. भंग्याने आपले काम सेवा म्हणून, अभिमानाने करावे, असा त्याचा रोख. बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात या विचाराची चिरफाड केली. जे काम माणसाला जन्माने चिकटवले आहे, ज्यातून सुटायची वाट नाही, त्याचा अभिमान बाळगायला सांगणे म्हणजे बेडीला सोन्याचा मुलामा देणे. आमची मागणी गांधीजींच्या बरोबर उलटी आहे. ज्याच्यावर ते काम लादले त्याने त्याचा अभिमान बाळगू नये. ज्यांनी कधी केले नाही त्यांनी ते करायला शिकावे. ज्याच्या घरातली मोरी, त्याच्या हातात स्प्रिंग. काम सगळ्यांच्या हाती फिरले की त्याची जात मरते.

हा फरक कळला नाही तर आपण फसवले जातो. १९५३ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी शाळेत अर्धा वेळ शिक्षण आणि उरलेल्या वेळी बापाचा धंदा शिकायचा, अशी योजना आणली. पेरियारांनी तिला कुलशिक्षण म्हणत रान उठवले आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. हाताचे काम शिकवणे चांगलेच. बापाचे काम शिकवणे म्हणजे जात शिकवणे. आता १७ सप्टेंबर २०२३ पासून केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आहे. सुतार, लोहार, गवंडी, चांभार, कुंभार असे १८ धंदे, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतची मदत. अवजाराला सरकारी पैसे मिळतात, ते आपल्या माणसाने जरूर घ्यावेत, तो त्याचा हक्क आहे. पण त्या योजनेचा पायाच कुटुंबातून चालत आलेला पारंपरिक धंदा आणि गुरु-शिष्य परंपरा असा सांगितलेला आहे. तामिळनाडू सरकारने हाच मुद्दा धरला, कुटुंबाचा धंदा असण्याची अट काढा म्हटले, आणि शेवटी आपली वेगळी योजना केली. महाराष्ट्रात, फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात, किती संघटनांनी हा प्रश्न विचारला? आपण पुतळ्याच्या उंचीवर भांडत बसलो.

आम्हाला विश्वकर्मा नको, आम्हाला वर्कशॉप हवे. ब्राह्मणाच्या पोरीने लेथवर उभे राहावे, मातंगाच्या पोराने सर्किट डिझाइन करावे, आणि दोघांनी आपापल्या घरची मोरी स्वतः साफ करावी. हे जातिअंताचे चित्र आहे.

कोणती रेषा ओलांडायची, कोणती नाही

आता हौसेने पेटून उठून भिंतीवर हातोडा घालायला निघाला असाल तर थांबा. हाताच्या कामात अज्ञान हे जीवघेणे असते. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेच्या चिकणीपाड्यातल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या घरात फरशीचे काम सुरू असताना स्लॅब कोसळला आणि ६ जणांचा जीव गेला. आपल्या शहरांत जुन्या आणि कच्च्या इमारती किती आहेत, हे दर पावसाळ्याआधी निघणाऱ्या धोकादायक इमारतींच्या याद्या सांगतात. आणि त्या इमारतींत स्वस्त घर म्हणून राहणारे बहुतेक आपलेच लोक असतात. म्हणून ही विभागणी पाठ करा.

स्वतः करायची कामे : गळणारा नळ. जुन्या पद्धतीच्या नळात वायसर झिजतो, नव्या अर्ध्या फेऱ्याच्या नळात स्पिंडल जातो. पाणी मेन कॉकवर बंद करा, पान्याने वरचा भाग खोला, तोच नमुना दुकानात दाखवून नवा आणा. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळा. बेसिन तुंबले तर खाली बादली ठेवून बाटलीच्या आकाराचा ट्रॅप हाताने फिरवून काढा, नव्वद टक्के घाण तिथेच सापडेल. मोरीची जाळी आठवड्याला उचला. नहाणी ट्रॅपमध्ये थोडे पाणी कायम थांबते, ते मुद्दाम ठेवलेले असते. गटारातला वायू घरात येऊ नये म्हणून पाण्याचेच ते झाकण आहे. गावाला जाऊन महिनाभराने आलात आणि घरात वास भरला, तर ते पाणी वाळले असे समजा आणि दोन तांबे पाणी ओता. ॲसिड ओतण्याआधी हातमोजे घालून स्प्रिंग फिरवा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू तयार होतो.

जाणत्याकडून शिकून करायची कामे : वीज. एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला नाही. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. घरासाठीची ३० मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडते. आपल्या घरात ती आहे का, हे आजच बघा. असेल तर तिच्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबा. ती पडली नाही तर ती निकामी आहे. ओल आलेल्या भिंतीत ड्रिल मारण्याआधी आतून वायर किंवा पाइप कुठून गेला आहे ते विचारा.

कधीच न करायची कामे : कॉलम, बीम, स्लॅब यांना हात. आणि मैला टाकीत किंवा चेंबरमध्ये माणूस उतरवणे.

शेवटच्या मुद्द्यावर आम्ही आवाज चढवूनच बोलणार. ऑक्टोबर २०१८ मध्ये डोंबिवलीच्या खंबाळपाड्यात गटाराच्या चेंबरमध्ये ३ कामगार मेले. आठवडाभरात, १ नोव्हेंबर २०१८ रोजी, कल्याण पूर्वेत नेतिवलीजवळच्या विहिरीत ५ जण मेले. त्यांतले दोघे वाचवायला उतरलेले अग्निशमन दलाचे जवान होते. मे २०१९ मध्ये ठाण्याच्या ढोकाळीत एका मोठ्या गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात ३ कामगार मेले. सात महिन्यांत, लोकलच्या एकाच मार्गावरच्या शहरांत. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची ताकदच मारतो. वास येईनासा झाला म्हणून माणूस आत उतरतो, आणि मृत्यू तिथेच असतो. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला जातो आणि तोही पडतो.

२०१३ चा कायदा सुरक्षेच्या साधनांविना गटारात आणि मैला टाकीत माणूस उतरवायला मनाई करतो. ही मनाई फक्त महापालिकेला नाही, व्यक्तीला आणि संस्थेलाही आहे. म्हणजे सोसायटीच्या कमिटीलाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. कायदा आहे, निकाल आहे. नाही ती सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मनातली भीती, कारण 'ओळखीतला कोणी' अजून पाचशे रुपयांत मिळतो. तो 'कोणी' कोणत्या वस्तीतून येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

मग करायचे काय?

चार गोष्टी. चारही आपल्या हातातल्या.

पहिली. आपल्या विहारात एक अवजारांचे कपाट ठेवा. इम्पॅक्ट ड्रिल, पान्यांचा संच, पाइप पाना, पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर, हॅक्सॉ, कानस, ओळंबा, पाणसळ, शिडी, मोरीची स्प्रिंग, गमबूट, रबरी हातमोजे, गॉगल. प्रत्येक घराने हे सगळे विकत घेण्याची गरज नाही; ड्रिल वर्षातून दोनदाच लागते. वहीत नाव लिहा, न्या, पुसून परत आणा. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचे जे भाडे आपण उडवतो, त्यात हे कपाट भरते आणि वर्षानुवर्षे टिकते. बाबासाहेबांच्या नावाने कानाचे पडदे फोडण्यापेक्षा बाबासाहेबांच्या नावाने एक कपाट उघडा.

दुसरी. रविवारच्या वंदनेनंतर तासभर कसबाचा वर्ग. शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणू नका. आपल्या वस्तीतले निवृत्त फिटर, वायरमन, गवंडी हेच शिक्षक. त्यांना हार घालून खुर्चीत बसवू नका, त्यांच्या हातात पाना द्या आणि आपण खाली बसा. वर्गात मुली निम्म्या हव्यात. मुलीने फ्यूज बदलला आणि मुलाने मोरी साफ केली, तरच वर्ग झाला असे समजा.

तिसरी. आयटीआयला 'नापासांची शाळा' म्हणणे बंद करा. अंबरनाथ, उल्हासनगर, ठाणे इथल्या आयटीआयमध्ये आपली मुले जातात, त्यांचा सत्कार दहावीच्या गुणवंतांच्या रांगेतच करा, शेवटी उरलेल्या वेळात नाही. आणि आपल्या समाजातल्या कारागिराला पूर्ण मोबदला द्या, बाजारापेक्षा एक रुपयाही कमी नाही.

चौथी. तुम्ही सोसायटीत राहत असाल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडा : आपल्या आवारातल्या कोणत्याही चेंबरमध्ये किंवा टाकीत माणूस उतरवला जाणार नाही, पावसाळ्याआधी सक्शन मशीनने सफाई होईल, खर्च सगळ्यांचा. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. विरोध कोण करतो त्याचे नावही लिहून घ्या. यासाठी मोर्चा लागत नाही, परवानगी लागत नाही. सभेत हात वर करायची हिंमत लागते, एवढेच.

आता राहिला आमचा बँकेतला मित्र. सेक्रेटरीच्या मेसेजला त्याने खासगीत उत्तर दिले नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिले : 'सेक्रेटरीसाहेबांनी मला विचारले आहे. चेंबर साफ करणारा माझ्या ओळखीत कोणी नाही. उद्या सकाळी सक्शन मशीनची गाडी मागवू, खर्च बावीस घरांत वाटू. तोपर्यंत मी माझ्या घरातल्या दोन्ही नहाणी ट्रॅपची सफाई केली आहे. पद्धत सोपी आहे, कोणाला शिकायची असेल तर माझ्याकडे या.' सोबत फोटो. रबरी हातमोजे घातलेले त्याचे दोन हात आणि त्यात जाळी. मागे पुसून ठेवलेली त्याच्या वडिलांची अवजारपेटी.

शेल्फच्या फोटोला सकाळी पंधरा-वीस अंगठे आले होते. या फोटोला रात्रीपर्यंत एक आला. तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. दुसऱ्या दिवशी ते खाली आले आणि म्हणाले, 'स्प्रिंग कशी फिरवायची ते दाखव.' आमच्या मित्राने स्प्रिंग त्यांच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला उभा राहिला.

बावीसातला एक. उरलेल्यांची वाट पाहत बसायचे नाही. आधी माळ्यावरची पेटी खाली काढायची.

जय भीम!